माझ्याकडे बघू नका!

प्रत्येक सोसायटीत एक तरी असा गृहस्थ असतो, जो तुमच्याशी बोलताना तुमच्या डोळ्यांकडे न बघता तुमच्या नाकाची सावली कुठं पडली आहे ते बघतो. आमच्याकडे हे पद अण्णांकडे आहे. फाटकापाशी भेटलात आणि "काय अण्णा, तब्येत काय म्हणते?" असं विचारलंत, तर ते आधी तुमचा दंड धरून तुम्हाला दोन पावलं मागे, भिंतीच्या सावलीत घेतात. "हं, आता बोला. मघाशी डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा होत्या." दुपारी बारा वाजता माणसानं माणसाशी उघड्यावर बोलूच नये, असं त्यांचं मत आहे. ऊन डोक्यावर आलं की कपाळ पेटतं, भुवयांखाली अंधार होतो आणि नाकाची सावली मिशीला जाऊन मिळते. ज्यांना मिशी नाही त्यांनाही ती येते.

वैताग याचा की हे सगळं खरं असतं. भर उन्हात उजेड आणि सावली यांच्यात एवढं अंतर पडतं की कॅमेऱ्यानं एकाला धरलं की दुसरं निसटतं. छपराची कड, दाट झाड, ढगाळ आकाश असेल तर उजेड चहूबाजूंनी येतो आणि चेहऱ्यावर सारखा पसरतो. पण झाड दाट हवं. विरळ झाडाखाली पानांतून गळणारे कवडसे नेमके गालावर बसतात. अण्णांनी सोसायटीतल्या प्रत्येक झाडाखालचा उजेड मोजून ठेवला आहे. आंबा उत्तम, गुलमोहर वाईट, शेवगा विचारूच नका. मध्यंतरी फांद्या छाटण्याचा अर्ज निघाला, त्याला विरोध करणारी सही एकच होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ओपन शेड'.

अण्णांच्या हातात पहिला कॅमेरा आला तो क्लिक थ्री. १२० ची फिल्म, एका रोलमध्ये १२ फोटो. फिल्म कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू', कधी पूर्व जर्मनीतून आलेली 'ओरवो'. त्या १२ फोटोंत एक लग्न, एक मुंज आणि महाबळेश्वर एवढं बसवायचं असे, त्यामुळे बटण दाबण्याआधी घरात चर्चा होई. फिल्मच्या खोक्यात सूर्य, अर्धा ढग, पूर्ण ढग अशा चित्रांचा कागद येई आणि प्रत्येक चित्रापुढे एक आकडा असे. इतर मुलांनी परवचा पाठ केला, अण्णांनी तो कागद. सूत्र सोपं आहे. कडक ऊन असेल तर भिंगाचं तोंड एफ/१६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याइतका. म्हणजे १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. ऊन धूसर झालं की एफ/११, ढग आले की एफ/८, आभाळ गच्च भरलं की ५.६.

आज कॅमेरे स्वतःच हिशेब करतात, पण अण्णा अजून रोज सकाळी गॅलरीत येतात, वर बघतात आणि घरात ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगतात. काकूंना फोटोग्राफीतलं काही कळत नाही असं त्या म्हणतात, पण एफ/१६ ला त्या कुरडया घालतात, एफ/११ ला चादरी धुतात, एफ/८ ला नुसते कपडे, आणि ५.६ ऐकू आलं की हातातलं काम टाकून दोरीवरचं सगळं आत घेतात. वेधशाळेपेक्षा हे बरं, असं तिसऱ्या मजल्यावरच्यांचंही म्हणणं आहे.

अण्णांचा खरा राग कॅमेऱ्यातल्या मीटरवर. तुम्ही कधी म्हशीचा फोटो काढला आहे का? काढलात तर ती राखी येते. पांढरी शुभ्र टोपी घातलेल्या माणसाचा काढलात तर टोपी मळकी येते. कारण मीटरला म्हैस ठाऊक नाही आणि टोपीही ठाऊक नाही. समोर जे काही आहे ते मधल्या करड्या रंगाचं, पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं आहे, असं गृहीत धरून तो बिचारा चालतो. म्हणून पांढऱ्याला उजेड वाढवावा लागतो आणि काळ्याला कमी करावा लागतो, म्हणजे मनाला वाटतं त्याच्या बरोबर उलट. "हे एवढं जरी लोकांना कळलं," अण्णा म्हणतात, "तरी लग्नाचे निम्मे अल्बम बघण्यालायक होतील." उरलेल्या निम्म्यांचा दोष ते नवरा-नवरीवर ठेवतात.

मीटरवर विश्वास नाही म्हणून अण्णा तळहातावर मोजतात. ही जुन्या लोकांची युक्ती. तळहाताचा रंग माणसामाणसांत फारसा बदलत नाही आणि तो त्या मधल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ असतो. चेहऱ्यावर पडतो तोच उजेड हातावर घ्यायचा, मोजायचा आणि एक स्टॉप वाढवायचा. काम झालं. फक्त हे गर्दीत करायचं म्हणजे एक वयस्कर गृहस्थ गळ्यात कॅमेरा, डोळे बारीक, उजवा हात पुढे पसरून स्तब्ध उभा. सारसबागेतल्या गणपतीपुढे त्यांनी असा हात धरला तेव्हा एका बाईंनी त्यावर खडीसाखर ठेवली. अण्णांनी ती खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "एकदाच मिळते."

आता कॅन्डिड. समोरच्याला न कळता त्याचा फोटो काढणं ही अण्णांच्या आयुष्याची साधना आहे आणि ती आजवर सफळ का झाली नाही हे त्यांना सोडून सगळ्यांना दिसतं. त्यांचं दैवत आंरी कार्तिये-ब्रेसाँ. त्यांचं 'निर्णायक क्षणा'चं पुस्तक १९५२ साली आलं. हा फ्रेंच माणूस बहुतेक ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगानं काम करी, फ्लॅश वापरत नसे आणि आपला छोटा लायका कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवी. अण्णांनीही कॅमेऱ्याच्या नावावर इलेक्ट्रिशियनची काळी पट्टी चिकटवली आहे. तिच्या पुढे हातभर लांब, पांढरी शुभ्र झूम लेन्स आहे. अंगात बारा खिशांचं खाकी जाकीट, डोक्यावर जंगलात घालतात ती टोपी. या वेषात अण्णा मंडईत शिरले की गवारवाली कोथिंबीरवालीला हाक मारते, कोथिंबीरवाली डोक्यावरचा पदर नीट करते, लिंबूवाला पोरगा केस ओले करून भांग पाडतो आणि सगळी रांग सावधान होऊन उभी राहते. मग अण्णा ओरडतात, "नॅचरल राहा! माझ्याकडे बघू नका!" त्यावर, जे तोवर बघत नव्हते तेही बघतात.

मंडईतल्या बायकांचा हिशेब साफ आहे. "फोटू काढा की दादा, पण आधी भाजी घ्या." अण्णा तत्त्वाचे आहेत, फुकट फोटो काढत नाहीत. परिणामी ज्या आठवड्यात उजेड चांगला पडतो त्या आठवड्यात घरी गवारच गवार असते. काकू नुसत्या पिशवीकडे बघून सांगतात, आज कुणाचे चेहरे चांगले होते ते.

निर्णायक क्षणाची अडचण अशी की तो थांबत नाही. अण्णा हात धरणार, मोजणार, एक स्टॉप वाढवणार, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघणार, त्याचा डोंगर उजवीकडच्या भिंतीला टेकला नाही ना हे तपासणार. टेकला तर पांढरं जळालं, आणि जळालेलं पांढरं कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. सावलीत लपलेलं काहीतरी वर काढता येतं, जळालेल्यात काढायला काही उरतच नाही. हे सगळं बिनचूक. तेवढ्यात हसणारी मुलगी हसून, रडून, जेवून घरी गेलेली असते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून दिवे घाट चढते तेव्हा अण्णा दरवर्षी तिथं असतात. तिथला उजेड मोठा फसवा. खाली पांढऱ्या टोप्या, पांढरी धोतरं, वर पावसाळी भुरकं पांढरं आभाळ, आणि या सगळ्या पांढऱ्याच्या मधे उन्हानं रापलेला एक चेहरा. मीटर पांढऱ्याला भिऊन सगळंच काळवंडून टाकतो. चेहरा सांभाळायला जावं तर धोतराच्या निऱ्या नाहीशा होतात. अण्णांचा हिशेब जमेपर्यंत दिंडी वळणापलीकडे गेलेली असते. त्यामुळे त्यांच्या संग्रहात वारकऱ्यांच्या पाठी फार आहेत. पण काय पाठी आहेत! निरी न् निरी मोजून घ्या.

याच घाटात एका म्हाताऱ्या वारकरी बाईंनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून अण्णांच्या हातात दिलं. "माउली, येवढं धरा जरा, पदर सारखा करते." पदर सारखा झाला, मग पाणी आठवलं, मग पुढे गेलेली जाऊ आठवली. अण्णा वृंदावन दोन्ही हातांनी छातीशी धरून पुढच्या वळणापर्यंत चालत गेले. ते खाली ठेवायचं नसतं एवढं त्यांना ठाऊक होतं आणि कॅमेऱ्याला तिसरा हात नव्हता. घाटात टपून बसलेल्या झाडून सगळ्यांनी त्यांना टिपलं. त्यातला एक फोटो फिरत फिरत सोसायटीच्या ग्रुपवर आला. चेहऱ्यावर घाम, नजर वर, ओठ किंचित उघडे. भक्ती म्हणावी अशी तंद्री. काकूंनी तो मोठा करून दिवाणखान्यात लावला. अण्णा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. "उजेड अवघड होता," ते म्हणाले. "पोरानं बरा सांभाळलाय. फक्त रंगीत ठेवायला नको होता."

इथं अण्णांचा मूळ आजार येतो. त्यांना रंग सोसत नाही. एक्स्पोजर चुकलं, चेहरा नारिंगी आला, मागून कुणाची पोपटी स्कूटर डोकावली, की ते संगणकावर एक कळ दाबतात आणि सगळं काळंपांढरं करतात. मग त्याला नाव देतात. 'एकाकी', 'प्रतीक्षा', 'उरलेलं काही'. 'एकाकी'मधले आजोबा मी ओळखतो. त्यांना तीन मुलगे, तीन सुना आणि बरीच नातवंडं आहेत आणि ती सगळी त्या वेळी त्यांच्या डाव्या हाताला बसून भेळ खात होती. अण्णांनी त्यांना कापलं.

काळंपांढरं म्हणजे चुकीवर पांघरूण, असं माझं फार दिवस मत होतं. अण्णांशेजारी संगणकापुढे बसल्यावर ते टिकत नाही. रंग होता तोवर डोळा लाल साडीत रमत होता. तो काढला की उरतो फक्त उजेड, आणि तोच चुकला असेल तर फोटोत बघायला दुसरं काही नसतं. शिवाय रंग करड्यात उतरताना आपापली भांडणं घेऊन उतरतात. लाल पदर आणि मागची हिरवी मेंदी रंगीत फोटोत एकमेकांना खायला उठतात, करड्यात मात्र बऱ्याचदा एकरूप होतात आणि बाई झुडपात विरघळते. संगणकाचा एक नेहमीचा हिशेब हिरव्याला सुमारे ५९ टक्के वजन देतो, लालला ३० आणि निळ्याला ११. अण्णांना हा हिशेब अपमानास्पद वाटतो. ते लाल, हिरवा, निळा हातानं कमीजास्त करतात. लालाचा वाटा वाढवला की कातडी उजळ आणि नितळ होते. निळ्याचा वाढवला की प्रत्येक सुरकुती, पुटकुळी आणि काळजी वर येते. पुरुषांना निळा, बायकांना लाल, हा त्यांचा एकमेव शिष्टाचार.

तो शिष्टाचारच एकदा अंगाशी आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी बागेत सुंदर फोटो काढला, लालाचा वाटा सढळ हातानं वाढवला, आणि कातडी इतकी उजळली की तिच्यात लाल कुंकूही मिसळून गेलं. कपाळ मोकळं. फोटो त्यांच्या सासूबाईंनी आधी बघितला. पुढचं वर्णन करत नाही. अण्णा खाली येऊन समजावत होते, "अहो, जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे, म्हणून पणजीच्या फोटोत कुंकू काळंकुट्ट यायचं. हे त्याच्या उलट झालं इतकंच!" त्या काकूंचे यजमान मागे उभे राहून आपण हयात असल्याचं सांगत होते.

जेजुरीच्या फोटोंवरून मात्र मी अण्णांशी भांडलो. पालखी जेजुरीला पोचली की भंडारा उधळतात. माणसं पिवळी, पायऱ्या पिवळ्या, हवा पिवळी. अण्णांनी ते काळंपांढरं केलं. सिमेंटची गोणी फुटल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, छायाचित्रकार रघुबीर सिंग जन्मभर रंगात काम करत राहिले. इथला माणूस जग रंगांतच बघत आला आहे, काळंपांढरं ही बाहेरून आलेली नजर आहे, अशी त्यांची भूमिका होती. अण्णा म्हणाले, "ते जयपूरचे. त्यांना परवडतं. आपल्याकडे बघ, सगळ्या सोसायट्या ऑफव्हाइट. यात रंग कुठून आणू?" मग रघू राय यांचं नाव निघालं, १९७७ साली त्यांना छायाचित्रकारांच्या मॅग्नम संस्थेसाठी खुद्द ब्रेसाँनी सुचवलं होतं हे निघालं, आणि जेजुरी बाजूला राहिली. त्याच ओघात अण्णांनी सांगितलं की लायकानं २०१२ मध्ये फक्त काळेपांढरे फोटो काढणारा डिजिटल कॅमेरा आणला, त्याच्या सेन्सरवरच्या रंगांच्या जाळ्याच काढून टाकल्या, त्यामुळे बारकावे जास्त मिळतात. काकू चहा घेऊन आल्या होत्या. "म्हणजे रंगीत फोटो निघणारच नाही?" "नाही." "आणि स्वस्त आहे का?" "छे, महाग आहे." त्या कप ठेवून आत गेल्या.

एका बाबतीत मात्र अण्णांना मानावं लागतं. मुलीचा फोटो स्थळांना पाठवायचा म्हणून एक आई आली. "अण्णा, जरा उजळ काढा हो." उजळ काढणं म्हणजे आणखी एक स्टॉप वाढवणं, चिमटीचं काम. अण्णांनी मुलीला आंब्याखाली बसवलं, तळहातावर मोजलं, नेहमीचा एक स्टॉप वाढवला आणि तेवढंच ठेवलं. "अॅन्सेल अॅडम्सच्या पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा झोन आहेत," ते आईला म्हणाले. "तुमची मुलगी बरोबर पाच आणि सहाच्या मधे बसते. बायोडेटात काय लिहायचं ते लिहा, मी तिला सातवर नेणार नाही." आई घुश्शात गेली. मुलीनं तो फोटो ठेवून घेतला.

ज्येष्ठ मंडळी मात्र अण्णांना टाळत. कारण उघड आहे. आपल्याकडे काळापांढरा, शांत चेहऱ्याचा, मोठा फोटो भिंतीवर दिसला की माणूस हाराचा खिळा शोधतो. "अण्णानं फोटो काढला की फक्त तारीख घालायची बाकी राहते," असं तळमजल्यावरचे आजोबा म्हणत. पण अण्णांना टाळत नसत तेही तेच. सकाळी पार्किंगच्या छपराच्या कडेला खुर्ची टाकून ते वर्तमानपत्र वाचत बसत आणि अण्णा नवी लेन्स, जुनी लेन्स, सगळं त्यांच्यावर तपासून बघत. इतके दिवस, की आजोबांना कॅमेरा दिसेनासा झाला. कॅन्डिडची खरी युक्ती हीच असावी. लपायचं काय, समोरच्याला आपला कंटाळा येईपर्यंत थांबायचं.

पावसाळ्यात आजोबा गेले. घरच्यांनी फोटो शोधले. लग्नातल्या घोळक्यात अर्धे, सेल्फीत कपाळापासून वर, आणि पूर्ण चेहरा फक्त आधारकार्डावर. अण्णा न बोलावता एक प्रिंट घेऊन गेले. ढगाळ सकाळ, ५.६ चा उजेड. मांडीवर उघडं वर्तमानपत्र, त्याचा पांढरा उजेड खालून वर चेहऱ्यावर आलेला, त्यामुळे खोल गेलेल्या डोळ्यांतही चमक. मरून स्वेटर मागच्या हिरव्या भिंतीत बुडू नये म्हणून हिरवा ओढून खाली घेतलेला. आणि आजोबा, बहुतेक कुणाच्या तरी फजितीची बातमी वाचून, गालातल्या गालात हसताहेत.

तेराव्याला तो फोटो चौरंगावर होता. लोक येत, बघत, आणि थांबत. अण्णाही समोर उभे राहिले. मुलगा जवळ आला. "अण्णा, बाबा अगदी समोर बसलेत असं वाटतं." अण्णांनी मान हलवली. जरा वेळानं हळूच म्हणाले, "तो मोगऱ्याचा हार काढून झेंडूचा घालता येईल का रे? एवढं पांढरं शेजारी आलं की प्रिंटमधलं पांढरं मळकट दिसतं." काकूंनी त्यांचा दंड धरून त्यांना दोन पावलं मागे घेतलं.

त्यानंतर सकाळी छपराच्या कडेला खुर्ची ठेवायला जागा मिळत नाही. सोसायटीतले सगळे ज्येष्ठ मांडीवर वर्तमानपत्र उघडून, अण्णांकडे अजिबात न बघता, गालातल्या गालात हसत बसलेले असतात. अण्णांना हे आवडत नाही. परवा ते चौथ्या मजल्यावरच्या अप्पांवर उखडले. अप्पा शेअरबाजारवाले, त्यांचा पेपर गुलाबी. "अप्पा, तो पेपर ठेवा. चेहऱ्यावर गुलाबी झाक येते."

"येऊ दे की," अप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "तू शेवटी काळापांढराच करणार आहेस ना?"